हॅटीच्या पायाचा अंगठा

२३ मार्च, रविवार
सॅनपीट, युटा

थेन बाळा,

आशीर्वाद. तुला ते नको असतात हे ठाऊक आहे, पण पत्राच्या वरच्या ओळीत घालण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही. तेव्हा ते बाजूला ठेव आणि पुढे वाच.

खोऱ्यात अजून गारठा आहे. डोंगराच्या सावलीकडच्या अंगावर बर्फ आहे, उन्हाकडचं अंग उघडं पडलंय. पाचवीत मिस लुंडक्विस्ट आम्हाला वसंतावरची कविता म्हणायला लावायच्या, तेव्हाही खिडकीबाहेर असंच असायचं. फुलांची कडवी बर्फाकडे बघत म्हणायची! बाई म्हणायच्या, "आधी म्हणा, फुलं मागून येतील." आणि यायची, खरंच.

आता कामाचं. तुझी हॅटी आठ वर्षांची झाली. आपल्याकडे आठवं संपलं की काय असतं ते तुला सांगायला नको. बाप्तिस्म्यासाठी तिने ईस्टरचा शनिवार निवडलाय. गेल्या आठवड्यात तिच्या आईने, जॅनाने, तिला माझ्याकडे सोडलं, तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर चढून बसली आणि म्हणाली, "आजोबा, बाबा येणार ना?"

"विचारतो."

"फोन करून विचारा."

"पत्र लिहितो."

"पत्र? अहो आजोबा, ईस्टर होऊन जाईल!"

"म्हणून तर आजच लिहितो."

ती थोडा वेळ पाय हलवत राहिली. मग म्हणाली, "बाबा नाही आले तर मी पाण्यात उतरणारच नाही."

"हे आईला सांगितलंस?"

"आईच म्हणाली, जा, आजोबांना सांग."

तू मंडळीतून नाव काढून घेतलंस, त्यामुळे बापाचा मान असला तरी तिला बाप्तिस्मा तू देऊ शकत नाहीस. पण पहिल्या रांगेत बसायला कोणाची परवानगी लागत नाही. अ‍ॅस्टोरियाहून इथवरचा रस्ता लांब आहे, बोटींच्या डागडुजीचा तुझा हंगामही हाच, हे मला कळतं. तरी विचारतोय. तिच्या वतीने.

बाप्तिस्मा मी देणार आहे. तुझ्या बहिणीचा, मार्लिसचा नवरा गॅरन म्हणाला होता, "मी देतो की." मी नको म्हटलं. का, ते मागाहून केव्हातरी. खांदा बरा आहे. मार्लिस काही कळवेल, तिचं फार मनावर घेऊ नकोस.

तुझा,
बाबा


६ एप्रिल, महासभेचा रविवार

थेन,

तुझं कार्ड मिळालं. दीपगृहाचं चित्र छान आहे. मागे एकच शब्द आहे, "पाहतो." तो मी फ्रिजवर लावून ठेवलाय. हॅटीने तो वाचला आणि विचारलं, "पाहतो म्हणजे हो का नाही?"

"पाहतो म्हणजे पाहतो."

"मोठी माणसं असंच बोलतात," म्हणाली, आणि फ्रिज उघडून दूध प्यायली.

आज सकाळपासून सगळे इथेच होते. टीव्हीवर सॉल्ट लेकची प्रवचनं, भट्टीत दालचिनीचे रोल, आणि दुसऱ्या प्रवचनात गॅरनची झोप. काही बदललेलं नाही. तुझी आई त्याच्या मांडीवर उशी ठेवायची, म्हणजे डोकं खाली आलं तर मऊ पडेल. आज उशी मार्लिसने ठेवली.

मग मी कपाटातून पिठाचा डबा डाव्या हाताने काढला. मार्लिसला तेवढंच निमित्त.

"बाबा, उजवा हात का नाही लावला?"

"डावा जवळ होता."

"फेब्रुवारीत पाटाचं फाटक उचललंत तेव्हापासून डावाच जवळ आहे. डॉक्टर काय म्हणाले ते थेनला लिहिलंत का?"

"त्यात लिहिण्यासारखं काय आहे?"

"तुम्ही तिला बुडवाल हो," मार्लिस म्हणाली. "वर कोण काढणार?"

टीव्हीवर तेव्हा नेमकं भजन सुरू होतं, म्हणून तिला मोठ्याने बोलावं लागलं. त्याने गॅरन जागा झाला. "मी पांढरे कपडे गाडीत ठेवतो, बाबा. लागलेच तर." त्याला म्हटलं, ठेव, गाडी तुझी आहे. नंतर वाईट वाटलं. तो चांगला माणूस आहे. त्याच्या चांगुलपणाचा मला कधीकधी कंटाळा येतो, हा त्याचा दोष नव्हे.

सगळे गेल्यावर उरलेले रोल झाकून ठेवताना तुझी आठवण आली. तू सोळा-सतराचा होतास. मी म्हणालो होतो, श्रद्धा शाळेतल्या कवितेसारखी असते, आधी पाठ होते, अर्थ मागून येतो. तू म्हणालास, "आणि नाहीच आला तर?" मी म्हटलं, "म्हणत राहायचं." तू म्हणालास, "बाबा, मी म्हणत राहिलो. तुम्हाला अर्थ आला, मला नुसती कविताच राहिली." तेव्हा मला ते उद्धट वाटलं होतं. आज वाटतं की माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने इतकं नीट उत्तर दिलं नसतं. अर्थात मला विद्यार्थी नव्हतेच, पाळलेल्या टर्की कोंबड्या होत्या.

येशील का?

बाबा


१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

थेन,

दुपारी आईकडे जाऊन आलो. ट्युलिप अजून कळ्यांतच आहेत, तेच नेले. दफनभूमीत वारा होता, त्यामुळे थोडाच वेळ थांबलो.

मागे म्हणालो होतो, गॅरनला नको का म्हटलं ते मागाहून सांगेन. ते आता सांगतो, कारण पुढच्या पत्राला वेळ राहणार नाही.

आईला पुरलं त्या दिवशी कबरीवरची प्रार्थना म्हणायला तू पुढे झालास. मी पाहिलं. हात बांधलेले होते, डोकं वाकवलेलं होतं. जुन्या बिशपनी तुझ्या कोपराला हात लावून हळूच काहीतरी सांगितलं. ते प्रेमानेच बोलले असतील, आणि नियम त्यांनी केलेला नव्हता. कबर पवित्र करायची तर मंडळीतल्या प्रत्येक पुरुषाला मिळतं ते याजकपद लागतं आणि तू ते सोडून दिलेलं होतंस. मग गॅरन पुढे आला आणि त्याने प्रार्थना म्हटली. चांगली म्हटली. आमेन झालं तेव्हा तू गाडीत बसलेला होतास. जेवायला थांबला नाहीस. दोन हिवाळे गेले त्याला.

हा नियम मी मानतो, थेन. हे तुला लपवून काय करू? त्याचा त्रास होतो म्हणून मानणं सुटत नाही, आणि मानतो म्हणून त्रास थांबत नाही. दोन्ही एकाच घरात राहतात, एकमेकांशी फारसं न बोलता.

पण आईच्या वेळी गॅरन तुझ्या जागी उभा राहिला. आता तुझ्या मुलीच्या वेळीही पाण्यात तोच उभा राहिला, तर तू पुन्हा गाडीकडे जाशील. या खेपेला परत येणार नाहीस असं मला वाटतं. म्हणून मी. आजोबा उभा राहिला तर कोणी कोणाची जागा घेतली असं होत नाही, म्हातारा हौसेने उतरला, एवढंच होतं. खांद्याला मी हे समजावून सांगितलंय.

हॅटीने वहीच्या कागदावर तुझ्यासाठी खुर्ची काढली आहे. पहिली रांग, डावीकडून दुसरी. डावीकडून पहिल्या खुर्चीवर तिने टॉवेल काढलाय.

बाबा


१८ एप्रिल, गुड फ्रायडे, दुपार

थेन,

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही. निघाला असशील तर तू रस्त्यात आहेस. निघाला नसशील तर मिळेल तेव्हा ईस्टर होऊन गेलेला असेल. तरी लिहायला बसलोय, कारण हात स्वस्थ बसत नाहीत.

काल मार्लिसला तुझा निरोप आला, "निघालो तर कळवतो." तिने मला दाखवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हा नाही म्हणत नाहीये, बाबा, एवढंच बघा." मी एवढंच बघितलं.

सकाळी दुकानात गेलो. कबूल करतो, तुझ्यासाठी कॉफी घ्यायला, जी आपल्या मंडळीत वर्ज्य. या वयापर्यंत त्या फळीसमोर कधी उभा राहिलो नव्हतो. इतके प्रकार असतात? पाकिटावर डोंगराचं चित्र होतं ते घेतलं, डोंगर तरी ओळखीचा. वळलो तर समोर बिशपची बायको, भगिनी थॉरप! मी पाकीट हिरव्या जेलीच्या डब्यांखाली सारलं.

"भाऊ रासमुसेन, एवढी जेली?"

"ईस्टर आहे ना."

"गाजर किसून घालता का त्यात?"

"आफ्टन घालायची," मी तुझ्या आईचं नाव पुढे केलं.

ती गाजरावर बराच वेळ बोलली. पाकिटाचा वास मला येत होता, तिला आला असेल की नाही कोण जाणे. निघताना म्हणाली, "तुमचा थेन येणार असं ऐकलं. बरं झालं." म्हणजे आला असावा वास.

हॅटी दहा वाजल्यापासून इथे आहे. अंडी कांद्याच्या सालांत उकडली, तुझ्या आईच्या पद्धतीने. रंग विटकरी-सोनेरी आलाय. मग रिकाम्या कबरीचे पाव केले. येशू म्हणून मार्शमेलो कणकेत गुंडाळायचा, भट्टीत तो विरघळतो, पाव फोडला की आत काही नाही, नुसती पोकळी आणि गोडवा. हॅटीचे दोन फुटले आणि मार्शमेलो ट्रेवर पसरला. "हा येशू घाईत होता," म्हणाली. हसायचं की रागवायचं ते ठरेना. तुझी आई हसली असती, म्हणून मी हसलो.

दुपारी हिरवळीवर सराव केला. उशी ठेवून तिला मागे झोपवायचं. "गुडघे वाकव," मी सांगतो. "पाय तळाला चिकटवून ठेव. केस नाही, बोट नाही, काही वर राहता कामा नये. राहिलं तर परत."

"परत म्हणजे सगळं?"

"प्रार्थनेपासून."

"मग मी एकदम दगडासारखी जाईन."

आणि तशी गेली. उशीवरून तिला उठवताना माझ्या तोंडून काहीतरी निघालं असावं. ती उठून बसली आणि गंभीरपणे म्हणाली, "आजोबा, मी माझी मी उठू शकते. कोणाला सांगणार नाही."

भीती वाटते, थेन. तिच्यासमोर ते म्हणता येत नाही, मार्लिससमोर तर नाहीच.

बाहेर गाडी थांबल्यासारखं वाटलं. टपालवाला असेल. बघून येतो.


२१ एप्रिल, सोमवार

थेन बाळा,

टपालवाला नव्हता. शुक्रवारचं पत्र अर्धंच राहिलं. ते तसंच यासोबत ठेवतोय. तू आल्यावर बोललो नाही ते त्यात आहे.

आधी कॉफीचं. माफ कर. दाणे दळायचे असतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी ते डाळीसारखे धुऊन शिजत घातले, वर चिमूटभर मीठही टाकलं. अर्ध्या तासाने तू झाकण उघडलंस आणि विचारलंस, "बाबा, हे काय आहे?"

"तुझी कॉफी. अजून मऊ झाली नाही."

मग तू खुर्ची ओढून बसलास आणि हसायला लागलास, डोळे पुसून पुसून. मार्लिस धावत आली, तिला वाटलं रडतोयस. त्या हसण्यासाठी मी अजून दहा पाकिटं शिजवीन. ते काळं पाणी तू पेलाभर प्यायलासही. हे मी बिशपना सांगणार नाही आणि तू आपल्या मित्रांना सांगू नकोस.

शनिवारी तू तिथे होतास. तरी लिहितो, कारण मी जिथे उभा होतो तिथून जे दिसलं ते तुला दिसलं नसणार.

बाप्तिस्म्याच्या हौदाचं पाणी कोमट होतं. बिशप थॉरप पेशाने प्लंबर, त्यामुळे प्रार्थनेपेक्षा त्यांचं लक्ष नळावर जास्त. हॅटी पायऱ्या उतरून आली आणि तिने पहिल्यांदा तुझी खुर्ची बघितली. मग माझा हात धरला. मी उजवा हात वर केला. वर गेला, कसा ते मला विचारू नकोस. तिचं पूर्ण नाव घेतलं, प्रार्थना म्हटली, तिला मागे टेकवलं. ती गेली, दगडासारखीच गेली, आणि तिच्याच जोराने वर आली. मला वाटलं, झालं.

साक्षीदार म्हणून मार्लिस काठावर उभी होती. तिचे डोळे भरलेले होते, तरी तिने तिचं काम केलं.

"बाबा," ती म्हणाली. "अंगठा. पायाचा. वर आला होता."

"मी मुद्दाम नाही केलं!" हॅटी ओरडली.

"कोणी म्हणत नाहीये गं, मुद्दाम केलंस."

"मग परत?"

"परत," मी म्हटलं, आणि हात वर केला. तो खांद्यापाशी थांबला. पुन्हा करून बघितला. जणू दुसऱ्या कोणाचा हात होता तो. पाण्यात उभा राहून मी त्याच्याकडे बघत होतो आणि सगळी खोली माझ्याकडे. गॅरन उठला. बिचाऱ्याने बुटाची नाडी सोडायला सुरुवात केली. तू त्याच्याकडे पाहिलंस. मग दाराकडे पाहिलंस. तू दाराकडे पाहिलंस ते मी पाहिलं, थेन. आयुष्यात मी एवढी छोटी आणि एवढी मोठी प्रार्थना केलेली नाही. तिला शब्द नव्हते, त्यामुळे त्यात चूकही निघण्यासारखी नव्हती.

मग तू आपले बूट काढायला लागलास.

"बिशप," तू म्हणालास, "मी नुसता धरून उभा राहिलो तर चालेल का?"

"प्रार्थना कोण म्हणणार?"

"बाबाच."

"पाण्यात कोण घालणार?"

"तेच. मी त्यांना धरीन."

बिशप थॉरपनी डोकं खाजवलं. "पुस्तकात याबद्दल आहे की नाही, मला आठवत नाही," ते म्हणाले. "आणि शोधायला गेलो तर पाणी गार होईल. उतरा."

जीन्ससकट उतरलास. खिशातलं पाकीटसुद्धा काढलं नाहीस. माझ्या मागे उभा राहिलास, माझं उजवं कोपर तळव्यावर घेतलंस आणि जिथवर जायला हवं तिथवर नेलंस. तू लहान होतास तेव्हा ओट्यावरचं काही हवं असलं की मी तुला असाच उचलायचो. मी पुन्हा तिचं नाव घेतलं. तुझा श्वास माझ्या मानेवर लागत होता. आमेन म्हटलं तेव्हा सगळी खोली म्हणाली, माझ्या मागचा माणूस म्हणाला नाही. ते मला ऐकू आलं. बरं वाटलं असं लिहिलं तर तुला खरं वाटेल का? तू खोटं म्हटलं असतंस तर मला ते जास्त लागलं असतं.

आणि तू तिच्या पावलांवर आपला पाय ठेवला होतास, हे मला नंतर हॅटीने सांगितलं. "बाबांनी माझे अंगठे खालीच दाबून धरले," म्हणाली, "म्हणून मी पास झाले."

ती वर आली, नाकातलं पाणी शिंकरलं आणि विचारलं, "आता?"

"आता झालं," मार्लिस म्हणाली आणि काठावरच खाली बसली.

पायऱ्या चढताना तू माझ्या कानाशी म्हणालास, "बाबा, यातून काही अर्थ काढू नका."

"काढत नाही."

"काढताय. तुमचा कवितेचा चेहरा झालाय."

मी चेहरा पुसला. टॉवेल होताच.

नंतर तिच्या डोक्यावर हात ठेवायला आम्ही पुरुष गोल उभे राहिलो. त्या गोलात तू नव्हतास. खुर्चीवर बसून होतास, जीन्समधून गालिच्यावर पाणी ठिबकत होतं. मी डोळे मिटायला हवे होते. मिटले नाहीत. हॅटीनेही मिटले नव्हते. आमच्या हातांखालून ती तुझ्याकडे बघत होती आणि तू तिला भुवया उडवून दाखवत होतास. एवढ्या गंभीर वेळी! मी आशीर्वादातलं एक वाक्य त्यामुळे दोनदा म्हटलं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

जेवताना हॅमच्या तुकड्यांपाशी गॅरन तुला काय म्हणाला ते मी ऐकलं. "बरं झालं तू उतरलास. ती पांढरी पॅन्ट मला यंदा कमरेत बसत नाही." तू त्याच्या ताटात मयताचे बटाटे, म्हणजे मयतीच्या जेवणातले ते चीज घातलेले, वाढलेस, आणि चीजची खरपूस कड त्याला दिलीस. लहानपणी तू ती कड सख्ख्या बहिणीलाही देत नव्हतास.

वाळूच्या टेकड्यांवर दुपारी तुम्ही दोघं अंडी घरंगळवत होतात तेव्हा मी गाडीत बसून होतो. खांदा दुखत होता, हे निमित्त. खरं म्हणजे लांबून बघायचं होतं. हॅटीचं अंडं न फुटता तळापर्यंत गेलं, आणि तुझं वाटेतच फुटलं. तू ते तिथेच सोलून खाल्लंस, वाळूसकट. वसंतावर मी पुष्कळ कविता पाठ केल्या, पण त्यांत वाळूत अंडं खाणारा बाप कुठेच नव्हता. मिस लुंडक्विस्टना सांगायला हवं होतं.

काल पहाटे तू निघालास तेव्हा मी जागा होतो. स्वयंपाकघरात येऊन तुला निरोप द्यायचा की नाही हे ठरवेपर्यंत गाडी वळली होती. चर्चला थांबला नाहीस याचं मला नवल नाही. तू शनिवारसाठी आलास, त्याचंच अजून आहे.

तुझी ओली जीन्स मोरीत लटकलेली होती आणि माझी राखाडी पॅन्ट कपाटात नव्हती. म्हणजे ती घालून तू अ‍ॅस्टोरियापर्यंत गेलास, घोट्याच्या वर चार बोटं! वाटेत पेट्रोल भरायला उतरलास तेव्हा लोक काय म्हणाले असतील? ईस्टरच्या सभेला मला तपकिरी पॅन्ट घालावी लागली, ती शिकारीची. बिशप थॉरप हात मिळवताना खाली बघून म्हणाले, "भाऊ रासमुसेन, आज हरणं मारायला?"

"राखाडी पॅन्ट मुलाने नेली," मी म्हटलं.

माझ्या आवाजात काहीतरी असावं. ते हात सोडेनात.

तुझी जीन्स मार्लिसने धुतली आणि इस्त्रीही केली. जीन्सला इस्त्री करतात की नाही मला माहीत नाही, मी विचारलं नाही. ती या पार्सलात आहे. पैसे आणि लायसन काढून घेऊन तू मागे ठेवलेलं पाकीट उन्हात वाळवलंय, त्यातला हॅटीचा फोटो थोडा फुगलाय, पण चेहरा ओळखू येतो.

माझी राखाडी पॅन्ट मात्र पोस्टाने पाठवू नकोस. पोस्टात चुण्या पडतात. जीन्सला चालतात, रविवारच्या पॅन्टला चालत नाहीत, आणि मला तपकिरीतून फार दिवस काढता येणार नाहीत.

घेऊन ये.

तुझा,
बाबा